हवा एप्रिलची, पाणी फेब्रुवारीचं

एप्रिलमधला पहिला लख्ख शनिवार उजाडला की जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एकदम हालचाल सुरू होते. कुणी बाल्कनीतल्या खुर्च्या पुसायला घेतं, कुणी तळघरातून ग्रिल वर आणतं. आणि ज्यांनी हिवाळाभर अभ्यास करून मासेमारीची परीक्षा दिलेली असते, ते भाड्याने नाव कुठे मिळेल याची चौकशी करू लागतात. बाहेर १८ अंश, वारा पडलेला, तळ्यावरचा बर्फ जाऊन तीन-चार आठवडे झालेले. स्वेटर गाडीतच ठेवून नावेत बसावंसं वाटतं.

बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. वसंतात हवेचं कॅलेंडर वेगळं असतं आणि पाण्याचं वेगळं. हवा एप्रिलमध्ये पोहोचलेली असते, पाणी अजून फेब्रुवारीच्या आसपास रेंगाळत असतं. मासे पाण्याचं कॅलेंडर पाळतात. इथले मासेमारीचे नियमही बरेचसे त्याच कॅलेंडरवर बेतलेले आहेत. नावेतला माणूस मात्र हवेकडे बघून कपडे घालतो आणि तिथेच घात होतो. हा फरक का पडतो, माशांवर त्याचा काय परिणाम होतो आणि तुमच्या शरीरावर काय होऊ शकतो, ते क्रमाने पाहू.

चार अंशांची करामत

दहावीच्या विज्ञानात ‘पाण्याचे असंगत आचरण’ नावाचा भाग होता, आठवतोय? होपचं उपकरण, वर एक तापमापी, खाली एक तापमापी. परीक्षेत आकृतीचे गुण मिळाले आणि आपण तो विषय सोडून दिला. जर्मनीतलं प्रत्येक गोठणारं तळं म्हणजे ते उपकरणच आहे, फक्त आकाराने मोठं.

बहुतेक द्रव थंड होत गेले की आकसत आणि जड होत जातात. पाणीही तसंच वागतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याच्याखाली गेलं की ते पुन्हा प्रसरण पावू लागतं. एक घनमीटर पाण्याचं वस्तुमान ४ अंशांना ९९९.९७ किलो असतं, ० अंशाला ९९९.८४ किलो. आणि बर्फ झाला की तेच थेट ९१७ किलोवर येतं. म्हणून बर्फ तरंगतो, त्याच्या लगेच खाली शून्याजवळचं पाणी राहतं आणि तळाशी सगळ्यात जड, ४ अंशांचं पाणी बसतं. मासे हिवाळा काढतात तो खालच्या या ‘उबदार’ थरात.

आता मार्च येतो. बर्फ एका दिवसात जात नाही. ऊन बर्फाच्या स्फटिकांच्या सांध्यांमध्ये शिरतं आणि तो आतून पोखरला जातो. जाडी तेवढीच दिसते, पण आत उभ्या सुट्या कांड्यांची मोळी झालेली असते. वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटल्या की काचेच्या बांगड्यांसारखा किणकिण आवाज येतो. जर्मनीतली जीवरक्षक संघटना डीएलआरजी साचलेल्या पाण्यावर किमान १५ सेंटिमीटर आणि वाहत्या पाण्यावर किमान २० सेंटिमीटर जाडीचा बर्फ सुरक्षित मानते. पण हे घट्ट बर्फाबद्दल आहे. पोखरलेल्या बर्फाची जाडी मोजून काहीच कळत नाही. नाव काढायची घाई झालेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण उरलेले तुकडे वारा कुठल्याही काठाला नेऊन चेपतो. सकाळी मोकळा असलेला धक्का दुपारी तरंगत्या बर्फाने भरलेला सापडू शकतो.

तळं ढवळून निघतं

बर्फ गेल्यावर वरचं पाणी शून्यावरून चढत चढत ४ अंशांवर येतं. मग वरपासून खालपर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं आणि जवळजवळ एकाच घनतेचं होतं. अशा वेळी थोडासा वाराही अख्खं तळं ढवळून काढतो.

किती थोडासा? ४ अंशांच्या आणि ५ अंशांच्या एक घनमीटर पाण्यात फरक पडतो सुमारे ८ ग्रॅमचा. २० आणि २१ अंशांच्या पाण्यात तोच फरक सुमारे २१० ग्रॅमचा असतो. उन्हाळ्यात गरम पाणी वर तरंगत राहतं आणि वाऱ्याला दाद देत नाही. वसंतात मात्र वर-खाली असा भेदच उरत नाही. तळाचे क्षार वर येतात, वरचा ऑक्सिजन खाली जातो. ऑक्सिजनही भरपूर असतो. ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना जेमतेम ९. क्षार आणि ऊन एकत्र मिळाल्यावर डायटम नावाची सूक्ष्म शैवालं फोफावतात आणि पाण्याला तपकिरी-हिरवट छटा येते. पुढे ती शैवालं खाणारे बारीक जलकीटक वाढतात आणि बहुधा मे महिन्यात पाणी अचानक नितळ होतं. एप्रिलमध्ये गढूळ वाटलेलं तळं मेमध्ये स्वच्छ दिसलं, तर महापालिकेने काही केलं असेल असं समजू नका. ते काम त्या जलकीटकांचं आहे.

या ढवळण्याचा एक तोटा म्हणजे वरच्या पाण्याला मिळालेली ऊब त्याच्यापाशी राहत नाही. ती अख्ख्या तळ्यात वाटली जाते.

ऊब यायला इतका वेळ का लागतो?

एक ढोबळ गणित करू. मेक्लेनबुर्गमधलं म्यूरित्स हे पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं सर्वात मोठं तळं. त्याची सरासरी खोली सहा मीटरच्या आसपास आहे. त्याच्या एका चौरस मीटरखाली म्हणजे सहा टन पाणी आहे. ते एका अंशाने तापवायला सुमारे २५ मेगाज्यूल उष्णता लागते. एप्रिलमध्ये जर्मनीत एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी १५ मेगाज्यूलच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं काही परतवलं जातं, काही बाष्पीभवनात जातं, काही रात्री आकाशाकडे निघून जातं. पाण्याच्या पदरात एक तृतीयांश पडलं असं धरा. म्हणजे दिवसाला ५ मेगाज्यूल, आणि एका अंशाला पाच दिवस. चारावरून चौदावर यायला पन्नास दिवस! मार्चच्या मध्याला बर्फ गेला असेल तर हिशेब मेच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो.

हवेचं मात्र तसं नाही. तेवढ्याच आकारमानाची हवा तापवायला पाण्याच्या तीन हजारांशाहूनही कमी उष्णता पुरते. दक्षिणेचा वारा आला की एका दुपारी हवा दहा अंशांनी चढते. शिवाय बर्फ वितळवायलाही उष्णता खर्ची पडलेली असते. २० सेंटिमीटर जाडीचा बर्फ वितळवायला प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ६० मेगाज्यूल लागतात, आणि त्या साऱ्या खर्चात तापमान एका अंशानेही वाढत नाही.

हे गणित सरासरीचं आहे. दीड मीटर खोलीची खाडी मोठ्या तळ्याच्या कितीतरी आधी तापते. मासे नेमकं हेच जाणतात.

मासे कुठे जातात?

माशांच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चालतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्यांची चयापचयाची गती साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणून बर्फानंतरच्या दिवसांत मासा आमिषामागे धावत नाही. ते त्याच्या तोंडापुढून सावकाश जावं लागतं.

त्याला दोन अंशांची ऊब कुठे मिळेल? इथे सूर्य दक्षिणेकडे आणि खाली असतो. दक्षिण काठावरच्या झाडांची सावली त्याच काठाच्या पाण्यावर पडते, आणि उत्तरेकडच्या काठाला दिवसभर ऊन मिळतं. म्हणून उत्तर काठाच्या, काळसर तळाच्या, उथळ आणि वाऱ्याच्या आडोशाच्या खाड्या आधी जाग्या होतात. दुपारी तीनला तिथे रोटआउगे, म्हणजे लाल डोळ्यांचे लहान चंदेरी मासे, थव्याने सापडतात.

हेश्ट, म्हणजे इंग्रजीतला पाईक, याच सुमारास अंडी घालतो. बर्फ वितळून पाणी काठच्या कुरणात शिरतं आणि मादी त्या जेमतेम गुडघाभर पाण्यात जाऊन मागच्या वर्षीच्या गवताला अंडी चिकटवते. कोकणातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. पहिल्या पावसात नदीचे मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात, तीच आपली वलगण. घाटावर त्यांना चढणीचे मासे म्हणतात. तिकडे पावसाचं पाणी, इकडे बर्फाचं, पण दोन्हीकडे माशाला हवं असतं उथळ, ताजं, गवताळ पाणी. हेश्टच्या पाठोपाठ बार्शची आणि मग त्सांडरची पाळी येते. त्सांडरचा नर तर अंड्यांच्या घरट्यावर पहारा देत बसतो. त्याला तिथून ओढून काढलं की अंडी इतर माशांच्या तोंडी जातात.

बर्लिनच्या उत्तरेला श्टेशलिन नावाचं सुमारे ७० मीटर खोल तळं आहे. थिओडोर फोंटानेच्या शेवटच्या कादंबरीचं नाव या तळ्यावरूनच आलं. तिथल्या खोल पाण्यात राहणारा एक छोटा मासा वेगळी जात म्हणून २००३ साली नोंदवला गेला आणि त्याला फोंटानेचंच नाव मिळालं. त्याचे जवळचे भाऊबंद हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतात, हा वसंतात घालतो. एकाच तळ्यात दोन कॅलेंडरं पाळली तर त्यातून जातीसुद्धा वेगळ्या होऊ शकतात, हे यावरून दिसतं.

शोनत्साइट म्हणजे इथली नारळी पौर्णिमा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून कोळी बांधव होड्या पुन्हा दर्यात लोटतात. जर्मनीत या विश्रांतीच्या काळाला शोनत्साइट म्हणतात. फरक असा की तो प्रत्येक जातीचा वेगळा असतो आणि प्रत्येक राज्याचाही वेगळा, कारण मासेमारीचा कायदा इथे राज्यांच्या हातात आहे. हेश्ट आणि त्सांडरची बंदी बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत कुठेतरी येते. म्हणजे बर्फानंतर तुम्हाला नावेतून काठाशी दिसणारा तो भलामोठा हेश्ट बहुधा बघण्यापुरताच असतो. चुकून गळाला लागला, तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढून, लगेच सोडून द्यायचा.

एरवी मात्र केवळ गंमत म्हणून पकडायचं आणि सोडायचं, हे जर्मनीत चालत नाही. सबळ कारणावाचून प्राण्याला वेदना देऊ नयेत, असं प्राणीसंरक्षण कायद्याचं पहिलंच कलम सांगतं, आणि २००२ पासून प्राण्यांचं रक्षण राज्यघटनेतही आहे. खाण्यासाठी पकडणं हे सबळ कारण. परीक्षा घेतात ती याचसाठी. माशांच्या जाती ओळखता याव्यात, लांबीची किमान मर्यादा माहीत असावी आणि ठेवायचा मासा आधी बेशुद्ध करून मगच मारता यावा. परवान्याखेरीज त्या विशिष्ट तळ्याचं आंगेलकार्टे, म्हणजे तिथल्या मासेमारीचं तिकीट, वेगळं घ्यावं लागतं. नावेतून मासेमारी चालते की नाही तेही त्यावरच लिहिलेलं असतं. परीक्षा न दिलेल्यांसाठीही वाटा आहेत. ब्रांडेनबुर्गमध्ये शिकारी नसलेले मासे परवान्याशिवाय, फक्त शुल्क आणि तिकीट भरून धरता येतात. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये पर्यटकांसाठी मुदतीचा परवाना मिळतो.

जे तळं गोठतच नाही

दक्षिणेला बोडनझेची गोष्ट निराळी आहे. खोली २५१ मीटर. वरचं पाणी गोठण्याआधी एवढा सगळा साठा थंड व्हावा लागतो, आणि तोवर हिवाळा संपतो. अख्खं बोडनझे गोठलं ते शेवटचं १९६३ साली, त्याआधी १८८० साली. १२ फेब्रुवारी १९६३ ला जर्मनीतल्या हाग्नाउ गावाहून संत योहानाचा अर्धपुतळा मिरवणुकीने बर्फावरून चालत पलीकडे स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगनला नेला. तळं गोठलं की पुतळ्याने काठ बदलायचा, ही १५७३ पासूनची रीत. तो अजून पलीकडेच आहे.

अशा तळ्यात ‘बर्फानंतर’ असा दिवस येत नाही. हिवाळ्याच्या अखेरीस ते वर-खाली ढवळून निघतं, पण हिवाळा सौम्य असला तर हे ढवळणं तळापर्यंत पोहोचत नाही. मग खोल पाण्यातला ऑक्सिजन पुरता भरून निघत नाही. तिथला प्रसिद्ध मासा फेल्शन इतका घटला की २०२४ पासून तीन वर्षं त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचा निर्णय काठच्या देशांनी घेतला. त्याला कारणं अनेक आहेत. पाण्यातले क्षार कमी झाले, क्वागा नावाचे शिंपले आणि स्टिकलबॅक हे छोटे मासे वाढले. बदलतं तापमान त्यात भर घालतं.

नावेत बसलात, आता

गार पाण्यावरून उबदार, दमट हवा गेली की धुकं धरतं, आणि ते काठावरून दिसलं नाही तरी मध्यावर गाठतं. जमीन तापून पाणी गार राहिलं की दुपारी तळ्याकडून जमिनीकडे वारा सुटतो. वसंतात हा फरक मोठा असल्याने तो वारा चांगला जोर धरतो. म्यूरित्ससारख्या पसरट, उथळ तळ्यावर लाटा लहान अंतरात, उभ्या आणि बोचऱ्या उठतात. चार मीटरच्या नावेला त्या पुरतात.

बोडनझेच्या काठावर केशरी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोरदार वारा अपेक्षित आहे. मिनिटाला ९० वेळा लुकलुकले तर वादळ येतंय, लगेच काठ गाठा. बाकी बहुतेक लहान तळ्यांवर दिवे नाहीत, तिथे हवामानाचा अंदाज आणि तुमचे डोळे एवढंच असतं.

पाण्यात पडलात तर

आपल्यापैकी कितीतरी जण पाठीला पत्र्याचा डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मे महिन्यात, काठावरून सूर मारून. त्यामुळे ‘मला पोहता येतं’ हा विश्वास पक्का असतो. पण ते पाणी पंचविशीतलं होतं. ६ अंशांच्या पाण्यात शरीर वेगळे नियम लावतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की त्वचेतल्या संवेदना मेंदूला हादरा देतात आणि आपोआप एक खोल श्वास आत ओढला जातो. तो रोखता येत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. त्यानंतर धापा लागतात, छाती धडधडते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी हा क्रम १-१०-१ असा सोपा करून सांगितला आहे:

पहिलं १ मिनिट: श्वास ताब्यात आणायचा. पोहू नका, तरंगत राहा.

पुढची १० मिनिटं: हातपाय कामाचे असतात. याच वेळात नावेवर चढा किंवा काहीतरी घट्ट धरा. यानंतर बोटं वळत नाहीत, हात उचलत नाहीत.

पुढचा १ तास: थंडीने शुद्ध जायला साधारण इतका वेळ लागतो.

इथे नीट पाहा. माणूस ‘गारठून’ जातो असं आपण म्हणतो, पण बहुतेकांचा बळी त्याआधीच्या दोन टप्प्यांत जातो, आणि ते चांगले पोहणारेही असतात. तिसऱ्या टप्प्यातला तास वापरायला मिळायचा असेल तर पहिल्या दोन टप्प्यांत तोंड पाण्यावर राहायला हवं. ते काम पोहणं करत नाही, लाइफ जॅकेट करतं. तेही अंगावर घातलेलं. फळीखाली ठेवलेलं जॅकेट वळत नसलेल्या बोटांनी कसं बांधणार?

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० म्हणजे फक्त पोहायला मदत. जाड कपड्यांत, शुद्ध हरपली तरी तोंड वर राहावं यासाठी १५० घ्या, फार जड कपडे असतील तर २७५. मुलांना त्यांच्या वजनाचं वेगळं. आणि जांघेखालून जाणारा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर माणूस खाली आणि जॅकेट वर.

पडलातच तर कपडे काढू नका. त्यांत अडकलेली हवा तरंगायला मदत करते आणि ऊबही टिकवते. उलटलेली नाव सोडून काठाकडे पोहत सुटू नका. तिला धरा, जमेल तेवढं अंग पाण्याबाहेर काढा. फोन पाणबंद पिशवीत अंगावरच असू द्या. नंबर ११२. कुणाला बाहेर काढलंत तर आडवंच ठेवा, हातपाय चोळू नका, ओले कपडे काढून गुंडाळा. दारू मुळीच देऊ नका. तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि उरलीसुरली ऊबही जाते.

निघण्याआधी

घरातल्या कुठल्याही साध्या तापमापीला तीन मीटर दोरी बांधा आणि नावेत ठेवा. धक्क्यावर पोहोचल्यावर ती एकदा एक हातभर खोल सोडा, एकदा तीन मीटरवर. दोन्ही आकडे सारखे आले तर तळं अजून ढवळलं जातंय, मासे सुस्त असतील, उत्तरेच्या खाडीत शोधा. वरचा आकडा खालच्यापेक्षा तीन-चार अंशांनी जास्त आला तर पाणी थरांत बसू लागलंय आणि मासे हलू लागलेत.

दोन्हींतला मोठा आकडा १५ च्या खाली असेल, आणि एप्रिलमध्ये तो असणारच, तर हवा कितीही गोड असली तरी कपडे पाण्याच्या हिशेबाने घाला. जॅकेट अंगावर, सोबत एक माणूस, काठ हाकेच्या अंतरावर, उठून उभं राहायचं नाही, आणि घरी कुणालातरी परतायची वेळ सांगून ठेवलेली. मग गळ टाका, थर्मासमधला चहा काढा आणि सावकाश, अगदी सावकाश, आमिष ओढा.